संडास बांधणारे प्राध्यापक : अप्पासाहेब पटवर्धन



थोर व्यक्तींच्या परिचयात या वेळी आम्ही जे नाव निवडले आहे, ते तुमच्यापैकी अनेकांनी कदाचित ऐकलेही नसेल. आणि त्यांचे काम सांगितले, तर वर्गात थोडी खसखस पिकेल. हा गृहस्थ तत्त्वज्ञानाचा एम. ए. होता आणि त्याने आयुष्याची कित्येक वर्षे खेड्यापाड्यांत संडास कसे असावेत याचा विचार करण्यात घालवली. हसून झाले, की पुढे वाचा.

सुरुवात आपल्या बेळगावापासूनच करू. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर तुम्ही पाहिली असेल. २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हेच. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी व्यवस्था पाहिली. देशभरातून माणसे आली. एवढ्या माणसांच्या पाण्याची सोय विहिरीने झाली, पण शौचाची? त्या काळी हे काम एका ठरावीक जातीचे मानले जाई आणि त्याबद्दल कोणाला काही वाटतही नसे. येथे मात्र स्वयंसेवकांनी स्वतः झाडू व बादल्या हाती घेतल्या आणि त्यांत ब्राह्मण तरुणही होते. या सफाईपथकाचे प्रमुख होते काका कालेलकर, म्हणजे आपल्या बेळगुंदीशी नाते असलेले आणि बेळगावच्या शाळेत मुलांना शिकवलेले.

पण अधिवेशन संपले, मांडव उतरले, पाहुणे घरी गेले. घरी गेल्यावर रोजचा संडास कोण साफ करणार, हा प्रश्न तसाच राहिला. त्या प्रश्नाचा पिच्छा ज्यांनी जन्मभर सोडला नाही, ते सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन आपल्या शेजारचेच. निपाणीहून राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाट उतरला की कणकवली येते. तेथे त्यांचा गोपुरी आश्रम आहे.

अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे या गावी झाला. बुद्धी तल्लख. तत्त्वज्ञान घेऊन ते एम. ए. झाले आणि पुण्यात प्राध्यापकही झाले. त्या काळात अशा माणसाचे घर सुखाने भरून वाहायला हरकत नव्हती. पण गांधीजींच्या विचारांची ओढ लागली, नोकरी सुटली आणि ते साबरमतीच्या आश्रमाशी जोडले गेले. गांधीजींची आत्मकथा आपण मराठीतून वाचतो, ती त्यांच्याच लेखणीतून उतरलेली आहे. पुढे कोकणात परतून त्यांनी खादी, ग्रामसेवा आणि अस्पृश्यतानिवारण यांना वाहून घेतले. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले.

सन १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातही जात सुटत नसे. संडास साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांना मिळे. अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितले. ते ब्राह्मण असल्याने नकार मिळाला. कैदी सहसा कष्टाचे काम टाळायला बघतो. येथे एक कैदी सर्वांत हलके मानलेले काम मिळावे म्हणून भांडत होता! निषेध म्हणून त्यांनी आपले अन्न कमी केले. ही गोष्ट येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली, तेव्हा ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही त्यांच्यासाठी उपोषण सुरू केले. सरकारने मागणीचा विचार करण्याचे कबूल केल्यावरच ते थांबले. एका झाडूसाठी दोन तुरुंगांत दोन माणसे उपाशी राहिली, असे हे प्रकरण आहे.

तुरुंगाबाहेरही त्यांनी असेच केले. मेलेली गुरे ओढून नेणे व त्यांचे कातडे सोडवणे हे काम करणाऱ्याला गाव शिवत नसे. अप्पासाहेबांनी सुरी हातात घेऊन तेही काम केले. स्वतःच्या जातभाईंचा रोष त्यांना सोसावा लागला.

मात्र आम्हांला त्यांचे मोठेपण याच्याही पुढच्या पायरीत दिसते. झाडू हाती घेणारा आणखी एक माणूस वाढला, म्हणून ते काम संपत नाही. तो माणूस दमला, म्हातारा झाला, की पाटी पुन्हा जुन्याच डोक्यावर जाते. तेव्हा पाटी उचलणारा बदलून भागणार नाही, पाटीच नाहीशी झाली पाहिजे. तिच्यासाठी लागणार होता एक साधा, स्वस्त, खेडुताला आपल्या हाताने बांधता येईल असा संडास.

कणकवलीत १९४८ साली गोपुरी आश्रम उभा राहिला आणि तेथे या कामाला बळ आले. गोपुरी संडास या नावाने जो प्रकार ओळखला गेला, त्याची रीत अशी. संडासाखाली एकाऐवजी दोन खाने. एक वापरायचा, दुसरा बंद. वापर झाला की वरून राख, माती किंवा पालापाचोळा टाकायचा, म्हणजे माशी बसत नाही आणि दुर्गंधी सुटत नाही. पहिला भरला की तो झाकून टाकायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील मैला कुजून कोरडे, मातीसारखे खत झालेले असते. ते उपसायला कोणा वेगळ्या जातीच्या माणसाची गरज नाही. घरधनी आपल्याच फावड्याने काढून आपल्याच शेतात टाकू शकतो. आपल्या भाषेत या खताला सोनखत म्हणतात. शब्द आपल्या पूर्वजांनी दिला. त्या सोन्याला हात लावण्याची लाज मात्र आपण दुसऱ्याच्या वाट्याला दिली.

अप्पासाहेब केवळ उपदेश करत फिरले नाहीत. आधी स्वतः करायचे, मग दाखवायचे, मग लोकांच्या हाती सोपवायचे, अशी त्यांची पद्धत. भंगीमुक्ती हे त्यांचे उत्तरायुष्यातील मोठे काम ठरले. आपला सारा प्रवास त्यांनी 'माझी जीवनयात्रा' या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. १० मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. सीमेपलीकडे कागल, गडहिंग्लज, चंदगड येथे आपल्या घरोघरच्या सोयरिकी आहेत. तिकडे महाराष्ट्रात २००० - ०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावकरी श्रमदानाला उतरले. २ ऑक्टोबर २०१४ पासून देशभर स्वच्छ भारत अभियान आले आणि आपल्याकडच्या खेड्यांतही अनुदानाचे संडास उभे राहिले. त्यात खेड्यांसाठी सुचवलेली रचना कोणती, ठाऊक आहे? आळीपाळीने वापरायचे दोन शोषखड्डे. पाण्याचा संडास असला तरी सूत्र तेच : एक भरला की पाणी दुसरीकडे वळवायचे आणि पहिल्याला खत होण्यास वेळ द्यायचा. हाताने मैला उचलायला लावणे १९९३ च्या आणि नंतर २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे.

पण मित्रहो, खर्च वाचावा म्हणून कोणी दोनाऐवजी एकच खोल खड्डा खणून घेतो. पाचसहा वर्षे काही जाणवत नाही. मग एका पावसाळ्यात तो तुंबतो आणि कोणाला तरी बोलवावे लागते. येणारा माणूस बहुधा कोणत्या वस्तीतून येतो, हे सगळ्या गावाला माहीत असते. संडास घरात आला, पाटी मात्र गेली नाही. अप्पासाहेबांचा लढा नेमका याच्याशीच होता. एक खड्डा की दोन, हा प्रश्न गवंड्याचा वाटतो. खरे तर तो माणुसकीचा आहे.

म्हणून या अंकाबरोबर एक छोटा गृहपाठ देत आहोत. घरी गेल्यावर आईवडिलांना किंवा आजोबांना विचारा : आपल्या संडासाचे खड्डे किती? ते कोठे आहेत? भरल्यावर कोण उपसते? उत्तर वहीत लिहा, नाव लिहू नका. ज्यांच्या घरी अजून संडास बांधायचा आहे, त्यांनी दुसऱ्या खड्ड्याची जागा आधीच राखून ठेवायला सांगा.

आणि गृहपाठ फक्त तुम्हालाच का? शाळेतील संडासांच्या देखरेखीसाठी पाळ्यांची यादी करायची आहे. पहिल्या महिन्यातील सर्व नावे आम्हा शिक्षकांची राहतील. फलकावर यादी लागेल, ती जरूर पाहा. त्यात कोणाचेही आडनाव बघून काम दिलेले नसेल.