विश्लेषण : सांडपाण्याचा गाळ कामाला लावणारे गिल्बर्ट फाउलर कोण होते?

शहरातील मैलापाणी शुद्ध करण्यासाठी आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे ‘सक्रिय गाळ प्रक्रिया’, अर्थात ॲक्टिव्हेटेड स्लज. तिची सुरुवात मँचेस्टरमधील प्रयोगशाळेत, काही बाटल्यांत झाली. या संशोधनाला दिशा देणारे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर यांनी पुढे आयुष्याचा मोठा काळ भारतात काढला.

मँचेस्टरची अडचण काय होती?

फाउलर यांचा जन्म १८६८ चा. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात शिकल्यानंतर ते शहराच्या डेव्हीह्यूम येथील मैलापाणी केंद्रात काम करू लागले. त्या काळी सांडपाणी खडी किंवा जळक्या कोळशाच्या थरांतून झिरपवले जाई. थरांवर वाढणारे जिवाणू घाण खात. पद्धत चांगली होती, पण तिला जमीन फार लागे. कापड गिरण्यांचे हे शहर वाढत होते आणि जागा मात्र मर्यादित होती. सांडपाण्यात नुसती हवा सोडण्याचे प्रयोगही अनेकांनी केले होते. त्यात वेळ इतका जाई की पद्धत परवडत नसे.

अमेरिकेत त्यांनी काय पाहिले?

१९१२ मध्ये फाउलर अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स प्रयोग केंद्रात बाटल्यांमधील सांडपाण्यात हवा सोडून ते स्वच्छ केले जात असल्याचे त्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांनी डेव्हीह्यूममधील एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या रसायनशास्त्रज्ञांना असे प्रयोग करायला सुचवले.

शोध नेमका कोणता?

आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटलीतील सांडपाण्यात हवा सोडली. ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. इथपर्यंत नवे काही नव्हते. त्यानंतर मात्र त्यांनी वरचे स्वच्छ पाणी ओतून काढले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी घातले. दर खेपेला गाळ वाढत गेला आणि वेळ कमी होत गेला. अखेर तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. आधीचे संशोधक जो गाळ फेकून देत होते, त्यातच घाण खाणारे जिवाणू होते. ३ एप्रिल १९१४ रोजी दोघांनी हे निष्कर्ष मँचेस्टरमध्ये मांडले. निबंध त्यांच्या नावावर असला, तरी मूळ सूचना फाउलर यांची होती. १९१६ मध्ये इंग्लंडमधील वूस्टर शहरात या पद्धतीचे मोठे केंद्र सुरू झाले.

भारतात त्यांनी काय केले?

१९१६ मध्येच फाउलर बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. येथे त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. शेतातला नायट्रोजन धान्यातून शहरात येतो आणि मैल्यावाटे नदीत वाहून जातो. जमिनीला तो परत मिळत नाही. त्यामुळे पाणी स्वच्छ झाले म्हणजे काम संपले, असे त्यांना वाटत नव्हते. गाळातील नायट्रोजन शेतात परत जायला हवा, हा त्यांचा आग्रह होता. मैला आणि कचरा एकत्र कुजवून कंपोस्ट करण्यावरही त्यांनी काम केले. नायट्रोजन जपण्याच्या जीवरसायनशास्त्रावरील त्यांचे पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्याचे महत्त्व काय?

नवी मुंबईतील प्रक्रिया केंद्रांत वापरली जाणारी ‘एसबीआर’ पद्धत त्या बाटल्यांच्या अगदी जवळची आहे. एकाच टाकीत पाणी भरायचे, हवा सोडायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. फरक असा की झडपा आणि ब्लोअर आता संगणक चालवतो.

दोन अडचणी मात्र कायम आहेत. पहिली विजेची. अशा केंद्राच्या वीजवापरातील साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा हवा सोडण्यावर जातो. म्हणून बारीक बुडबुडे सोडणारी उपकरणे, पाण्यातील ऑक्सिजन मोजून गरजेपुरतीच हवा देणारे सेन्सर आणि लवकर तळाशी बसणारा दाणेदार गाळ यांवर संशोधन सुरू आहे.

दुसरी अडचण गाळाची. कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळले, की गाळात जड धातू उतरतात आणि तो शेतात टाकण्याजोगा राहत नाही. म्हणजे फाउलर यांच्या कामाचा पहिला भाग जगाने स्वीकारला, पण गाळ शेतात परत नेण्याचा दुसरा भाग अजून अपुराच आहे. तो पूर्ण करायचा, तर कारखान्याचे पाणी घरगुती गटारात येण्याआधीच वेगळे करावे लागेल.