गुरूचे मत न मानता डॉक्टर झालेले बाबासाहेब

बाबासाहेबांच्या पदव्या तुम्हाला पाठ आहेत. त्या कशा मिळविल्या, तेही मुलांना सांगा.

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण जोडीला इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान! पैशाचा हिशेब त्यांनी माणसापासून कधी तोडला नाही.

शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट सुटला. १९२० साली ते पुन्हा गेले व रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. केन्ससारख्या पंडिताने उचलून धरलेली सुवर्ण विनिमय पद्धती त्यांनी खोडून काढली. तिने रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहत नाही, असे त्यांनी दाखविले. भाव चढतात, मजुरी मागे राहते, हे तर तुमच्या चुलीलाही ठाऊक आहे!

परीक्षकांनी प्रबंध सुधारून मागितला. १९२३ साली मुंबईहून तो पुन्हा धाडला, तेव्हा डी.एस्सी. मिळाली. केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. इथे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनाच शिष्याची पुष्कळ मते अमान्य होती. तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली, आपला मतभेद तीत नोंदविला. आणि बाबासाहेबांनी ती ग्रंथाच्या आरंभी छापली.

१९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी सुवर्ण विनिमय पद्धतीविरुद्धच साक्ष दिली.