दगडकोळशाची सही

बँकेत निम्मी हयात मी सह्या पडताळल्या. चेकवरची सही कार्डावरच्या नमुन्याशी जुळली, की मगच पैसे. त्यामुळे दगडकोळशालाही सही असते, असं निवृत्तीनंतर वाचलं तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. ती सही वाचण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत अग्रभागी होते हॅरल्ड युरी.

१८९३ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात त्यांचा जन्म झाला. सहा वर्षांचे असताना वडील गेले. खेड्यातल्या शाळांत मास्तरकी करून मग ते कॉलेजची पायरी चढले. पदवी प्राणिशास्त्राची, नाव मात्र रसायनशास्त्रात झालं. १९३१ साली त्यांनी जड हायड्रोजन शोधला आणि १९३४ चं नोबेल मिळवलं. पत्नीचे दिवस भरले होते, म्हणून समारंभाला गेले नाहीत. बक्षिसाच्या रकमेत मात्र दोन सहकाऱ्यांना वाटा दिला.

महायुद्धात ते अणुबाँबच्या कामाला जुंपले गेले. पुढे त्याच बाँबविरुद्ध बोलत राहिले. १९४७ साली, शिकागोत असताना, त्यांनी गणिताने दाखवलं की एकाच मूलद्रव्याचे जड आणि हलके अणू रासायनिक क्रियांत अगदी सारखे वागत नाहीत.

कार्बनचंच घ्या. शंभरात जेमतेम एक अणू जड. हवेतला कार्बन घेताना झाडं हलक्याला झुकतं माप देतात. झाड गाडलं जाऊन कोट्यवधी वर्षांनी कोळसा झालं, तरी हा हिशेब पुसला जात नाही. समुद्रातल्या चुनखडीशी ताडलं, तर कोळशात जड कार्बन दरहजारी सुमारे २५ भागांनी कमी भरतो. खनिज तेलही आपण सजीवांपासून आल्याची अशीच साक्ष देतं. युरींच्या प्रयोगशाळेतल्या हार्मन क्रेग यांनी निसर्गातले शेकडो नमुने मोजून १९५३ साली हा ताळा मांडला.

त्याच वर्षी स्टॅन्ली मिलर या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याने साध्या वायूंतून जीवसृष्टीला लागणारी अमिनो आम्लं तयार केली. मूळ कल्पना युरींची. पण निबंधावर त्यांनी आपलं नाव घालू दिलं नाही. नोबेल मिळालेल्या माणसाच्या नावाखाली पोराचं श्रेय झाकलं जाईल, हे ते ओळखून होते.

१९८१ साली युरी गेले. हे वाचलं त्या रात्री मला एक जुना अहवाल आठवला. हाताखालच्या मुलाने आठवडाभर जागून तो तयार केला होता. खाली सही एकट्या माझी होती.