क्लेमेन्स फॉन पिर्के : 'ॲलर्जी' हा शब्द देणारे बालरोगतज्ज्ञ
'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या डॉ. पिर्के यांनी दिला. जन्म १८७४. आधी धर्मशास्त्र शिकले, मग डॉक्टर झाले. घटसर्पावर तेव्हा घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं औषध टोचत. दुसऱ्यांदा टोचलं की काही मुलांना लगेच पुरळ, ताप यायचा. बेला शिक यांच्यासोबत त्यांनी ओळखलं, की शरीराचा प्रतिसादच बदललेला असतो. १९२९ मध्ये त्यांचं निधन झालं.

मांजराचंही तसंच. त्याच्या लाळेतलं प्रथिन केस-कोंड्यासोबत हवेत तरंगतं, गादी-पडद्यांच्या धुळीत बसतं. मांजर घरातून गेलं तरी महिनोन्महिने राहतं. कपड्यांवरून वर्गातही येतं. म्हणून मांजर दिसत नसताना शिंकणाऱ्या मुलाला 'नाटकं करतोस' म्हणू नका; डॉक्टरांना दाखवा.