मठाच्या बागेतील शास्त्रज्ञ

मटारच्या शेंगा सोलताना तुम्ही दाणे कधी मोजले आहेत का? आईला भाजीची घाई असते आणि आपले लक्ष दाणे तोंडात टाकण्याकडे असते. पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने वाटाण्याचे हजारो दाणे एकेक करून मोजले. त्या मोजणीतून विज्ञानाची एक नवी शाखा जन्माला आली. त्या धर्मगुरूचे नाव ग्रेगॉर मेंडेल.

मेंडेल यांचा जन्म १८२२ साली हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे मूळ नाव योहान. वडील शेतकरी होते. आठवड्यातील तीन दिवस त्यांना जमीनदाराकडे राबावे लागे. उरलेल्या वेळात ते आपली शेती आणि फळझाडे सांभाळत. झाडांवर कलम कसे करावे, हे योहान त्यांच्याकडूनच शिकला.

योहान सोळा वर्षांचा असताना वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडला. त्यानंतर त्यांच्याकडून कष्टाचे काम होईना. घरून पैसे येणे बंद झाले. योहान शिकवण्या करू लागला. कधी अर्धपोटी राहून त्याने अभ्यास केला. पुढे तेही जमेना. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया मदतीला आली. तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतील काही भाग तिने भावाला दिला. हे ऋण मेंडेल विसरले नाहीत. पुढे त्यांनी तेरेझियाच्या मुलांच्या शिक्षणाला मदत केली.

१८४३ साली योहान ब्रुन शहरातील ख्रिस्ती मठात दाखल झाला. आज या शहराला ब्रनो म्हणतात. तेथे त्याला ग्रेगॉर हे नवे नाव मिळाले. या मठात प्रार्थनेइतकाच ज्ञानालाही मान होता. मठाधिपती नाप यांनी मेंडेल यांना शिकण्यासाठी व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठवले. पण एक दुःख त्यांच्या वाट्याला आलेच. कायम शिक्षक होण्याची परीक्षा त्यांनी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा त्यांना यश आले नाही. त्यामुळे चौदा वर्षे ते हंगामी शिक्षक म्हणूनच शिकवत राहिले.

परीक्षेत अपयश आले, तरी जिज्ञासा कमी झाली नाही. आईवडिलांचे गुण मुलांत कसे उतरतात, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला होता. १८५६ साली त्यांनी मठाच्या बागेत वाटाणे पेरले. वाटाण्याचे फूल आपल्याच परागकणांनी फळते. म्हणून मेंडेल कळी उमलण्यापूर्वीच उघडत, चिमट्याने त्यातील पुंकेसर काढून टाकत आणि दुसऱ्या रोपाचे परागकण त्यावर लावत. मग इतर पराग येऊ नयेत म्हणून त्या फुलावर पिशवी बांधत. आठ वर्षांत त्यांनी सुमारे २८,००० रोपे तपासली.

गोल दाण्यांच्या आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या रोपांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुतलेला दाणा जणू नाहीसाच झाला. पण त्याच गोल दाण्यांपासून दुसरी पिढी वाढवली, तेव्हा सुरकुतलेले दाणे पुन्हा दिसले. मेंडेल यांनी मोजणी केली. ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे सुमारे तिनास एक. प्रत्येक गुणासाठी दोन घटक असतात. एक मातेकडून येतो, एक पित्याकडून. त्यांतील एक झाकला जातो, पण नष्ट होत नाही, हे त्यांनी ओळखले.

१८६५ साली त्यांनी ब्रुनच्या विज्ञान मंडळापुढे हे संशोधन मांडले आणि पुढच्या वर्षी निबंध छापला. त्या काळी वनस्पतींच्या अभ्यासात असे गणित कुणी वापरत नसे. फारसे कुणी लक्ष दिले नाही. म्युनिकचे नामवंत शास्त्रज्ञ नेगेली यांनाही त्याचे महत्त्व पटले नाही. मेंडेल यांनी हॉकवीड नावाच्या दुसऱ्या वनस्पतीवर प्रयोग केले, तर तेथे वाटाण्याचा नियमच लागू पडेना. त्या वनस्पतीत बहुधा परागांशिवायच बी तयार होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते!

१८६८ साली ते मठाधिपती झाले. मठाचा कारभार आणि सरकारशी करावरून चाललेला वाद यांत त्यांचा वेळ जाऊ लागला. तरी त्यांचे छंद सुटले नाहीत. ते मधमाश्या पाळत. रोजचे तापमान, हवेचा दाब आणि पाऊस यांची नोंद ठेवत. १८७० साली शहरावर चक्रीवादळ आले आणि मठाच्या काचा फुटल्या. मेंडेल यांनी त्या वादळाचे बारकाईने वर्णन करणारा निबंध लिहिला. धर्मकार्यासाठी त्यांनी विज्ञान सोडले नाही आणि विज्ञानासाठी धर्म सोडला नाही.

६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. एका दयाळू मठाधिपतीला लोकांनी निरोप दिला. आपण एका थोर शास्त्रज्ञाला निरोप देत आहोत, हे त्यांना माहीत नव्हते.

१९०० साली नेदरलँड्स, जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील तीन शास्त्रज्ञांना आपापल्या प्रयोगांत तेच प्रमाण आढळले. जुने निबंध चाळताना त्यांना दिसले, की चौतीस वर्षांपूर्वीच मेंडेल यांनी हे लिहून ठेवले होते. त्यांच्या नियमांच्या पायावर आनुवंशशास्त्र उभे राहिले. पिकांची सुधारित बियाणे तयार करताना आणि आईवडिलांकडून मुलांत येणारे आजार समजून घेताना या शास्त्राचा उपयोग होतो.

पहिल्या पिढीत झाकलेला सुरकुतलेला दाणा दुसऱ्या पिढीत पुन्हा दिसतो. मेंडेल यांच्या कामाचेही तसेच झाले. ते झाकले गेले होते, नाहीसे झाले नव्हते.