लिलिएन्थालच्या पंखांची फेरतपासणी

विमानाचा विषय निघाला की राइट बंधूंचे नाव ओठांवर येते. पण 1896 साली ज्याच्या अपघाती मृत्यूची बातमी वाचून त्या दोघा भावांचे कुतूहल चाळवले, तो जर्मन इंजिनिअर ओटो लिलिएन्थाल आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही.

ओटोचा जन्म 23 मे 1848 रोजी प्रशियातील आंक्लाम या गावी झाला. गावाबाहेरच्या कुरणांत करकोचे उतरत. ते उडताना वाऱ्याकडे तोंड करूनच का झेप घेतात, हे ओटो आणि धाकटा गुस्ताव तासन् तास न्याहाळत. दोघांनी फळ्यांचे पंखही केले, पण शाळासोबती हसतील म्हणून ते रात्रीच्या अंधारात करून पाहिले! वडील 1861 मध्ये वारले, तरी आईने मुलांचे शिक्षण थांबू दिले नाही.

बर्लिनमध्ये इंजिनिअर होऊन ओटोने स्वतःचा कारखाना काढला. लहान कारखान्यांना परवडतील असे सुरक्षित बॉयलर तेथे तयार होत. 1890 मध्ये त्याने नफ्याचा चौथा हिस्सा कामगारांना देण्यास सुरुवात केली. गरिबांना अल्प दरात नाटके पाहता यावीत म्हणून एका नाट्यगृहातही त्याने पैसा घातला.

पण जीव गुंतला होता तो पंखांत. सपाट पंखापेक्षा किंचित बाक असलेला पंख हवेत अधिक उचलला जातो, हे त्याने वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन ताडले आणि 1889 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. दोन वर्षांनी तो स्वतःच उडू लागला. पहिल्या झेपा जेमतेम 25 मीटरच्या. मग 1894 मध्ये बर्लिनजवळ लिख्टरफेल्डे येथे त्याने उड्डाणासाठी 15 मीटर उंचीची मातीची टेकडीच रचून घेतली. रिनोच्या टेकड्यांवरून तर तो 250 मीटरपर्यंत तरंगत जाई. पाच वर्षांत सुमारे दोन हजार उड्डाणे झाली. त्याचे ग्लायडर सुमारे 20 किलो वजनाचे, विलोच्या काठ्यांवर सुती कापड ताणलेले. क्रिकेटच्या बॅटी होतात, त्याच कुळातले हे झाड. अशी ग्लायडरे त्याने विकलीदेखील.

9 ऑगस्ट 1896 रोजी श्टोल्नजवळच्या टेकडीवरून उडताना वाऱ्याच्या झोताने ग्लायडरचे नाक वर उचलले गेले. ओटोने पाय पुढे झोकून तोल सावरण्याचा प्रयत्न केला, पण सुमारे 15 मीटरवरून तो कोसळला. मानेचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याने प्राण सोडला. मागे पत्नी ॲग्नेस आणि चार मुले राहिली. राहिली ती एक शंकाही. ज्या यंत्रावर त्याने एवढा विश्वास टाकला, त्यातच खोट होती का?

जुनी ग्लायडरे आता संग्रहालयांत जपलेली; ती उडवणार कोण? म्हणून 2016 मध्ये जर्मन अवकाश व विमानविद्या केंद्राने आंक्लामच्या लिलिएन्थाल संग्रहालयाच्या मदतीने हुबेहूब प्रतिकृती तयार केली. काठ्या तशाच, कापडही मुळासारखेच विणलेले. कारण कापडातून हवा किती झिरपते यावर पंखाचे बळ ठरते. नेदरलँड्समधील मोठ्या वायुबोगद्यात तिची कसून परीक्षा झाली. पुढे अशाच प्रतिकृतीला लटकून माणसाने उड्डाणेही केली.

रचनेत खोट नव्हती, असे दिसून आले. ग्लायडर हवेत स्थिर राहत होते. उणे होते ते हुकमी नियंत्रण. चालक चौकटीत दंडांवर लटकलेला, त्यामुळे अंग हलवून साधता येणारा तोल तुटपुंजा. मोठ्या झोतापुढे तो पुरेना.

नेमकी हीच उणीव राइट बंधूंनी हेरली. त्यांनी पंखांनाच पीळ देऊन तोल राखण्याची युक्ती काढली आणि 17 डिसेंबर 1903 रोजी इंजिनाचे विमान उडवले. ओटो तेव्हा असता, तर अवघा 55 वर्षांचा असता.