६४ हजार माणसांचा संगणक

हवाही पाण्यासारखीच वाहते आणि तिचा प्रवाह समीकरणांत मांडता येतो. मग उद्याचे हवामान आजच गणिताने का काढू नये? ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हाच ध्यास घेतला.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी न्यूकॅसल येथे, युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र हाती घेतले नाही. १९१६ ते १९१९ या काळात ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. जखमींना पोहोचवून उरलेल्या वेळात ते आकडेमोड करत. नकाशाचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातील हवेचा दाब व वारा पुढच्या काही तासांत कसा बदलेल ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. २० मे १९१० च्या जुन्या नोंदी घेऊन त्यांनी ती तपासली. उत्तर आले, सहा तासांत दाबात १४५ हेक्टोपास्कलची वाढ! प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता.

१९१७ च्या लढाईत त्यांचे हस्तलिखित हरवले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ मध्ये त्यांनी पुस्तक छापले, तेही चुकलेल्या उत्तरासह. पद्धत बरोबर होती, सुरुवातीच्या नोंदींतील बारीक विसंगतीने घात केला, हे पुढे सिद्ध झाले.

त्याच पुस्तकात त्यांनी एक कल्पना मांडली. नाट्यगृहासारख्या भव्य गोल दालनात ६४ हजार माणसे बसली आहेत. प्रत्येकाकडे पृथ्वीच्या एका तुकड्याचे गणित आहे. प्रत्येक जण आपले उत्तर शेजाऱ्याला दाखवतो. मधल्या मनोऱ्यावरचा प्रमुख पुढे धावणाऱ्यांवर आणि मागे पडणाऱ्यांवर वेगवेगळ्या रंगांचा झोत टाकून सर्वांचा वेग सारखा राखतो.

हवामान कार्यालय हवाई मंत्रालयाकडे गेले, तेव्हा १९२० मध्ये त्यांनी तेथील नोकरी सोडली. पुढे युद्धे का होतात, याचा ते गणिताने शोध घेत राहिले. १९५० मध्ये अमेरिकेत ‘एनिॲक’ संगणकाने पहिले हवामान अंदाज काढले. ते पाहूनच ३० सप्टेंबर १९५३ रोजी रिचर्डसन यांनी जगाचा निरोप घेतला.

आज पुण्यातील ‘अर्का’सारखे महासंगणक पावसाचा अंदाज असाच काढतात: काम हजारो प्रोसेसरांत वाटून, शेजाऱ्याशी आकडे जुळवत.